पीएस४ वरून पीसीवर: इंदूरमध्ये सेकंडहँड गेमिंग कॉम्प्युटर घेताना

विकणाऱ्याच्या घरी पोचलात की आधी कॅबिनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधी मशीन सुरू करून ठेवलेलं आहे. रात्रभर बंद असलेलं, थंड मशीन पहिल्या बटणाला उठतं का, हेच तर आपल्याला बघायचं असतं. ज्या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा रॅममध्ये खोट असते, ते बऱ्याचदा दोनतीनदा बंद-चालू केल्यावर उठतं आणि मग दिवसभर ठीक चालतं. म्हणून मी फोनवरच सांगून ठेवते, "मी येईपर्यंत सुरू करू नका. माझ्यासमोर करा."

हे मी चोवीस हजार रुपये घालवून शिकले. मी लोकमान्य नगरात राहते, पीथमपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. २०१६ पासून आमच्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून खेळायचं कन्सोल) होता. आधी दादाबरोबर फुटबॉल, मग एकटीने गाड्यांच्या शर्यती, आणि पुढे भाचा मोठा झाल्यावर त्याच्याबरोबर जवळजवळ सगळंच. मला शहरं वसवायचे, सैन्य हलवायचे गेम खेळायचे होते. ते माउसशिवाय मनासारखे होत नाहीत. भाच्याला मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल, टाकायचे होते. म्हणून २०२१ मध्ये मी एका दुकानातून 'आय७ गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक कार्ड' असं लिहिलेला जुना सेट घेतला. त्या वर्षी नवी ग्राफिक कार्डं बाजारात मिळतच नव्हती, मिळाली तर दुप्पट भावाने. त्यामुळे चोवीस हजार मला स्वस्त वाटले. घरी आणून गेम लावला तर पीएस४ वर जो सहज चालायचा, तो इथे अडखळत होता. आत होतं २०१२ चं आय७-३७७० आणि जीटी ७३० हे कार्ड, जे व्हिडिओ बघायला आणि ऑफिसच्या कामाला ठीक आहे. पाटीवर लिहिलेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आय७ होतं, चार जीबीही होते. मलाच वाचता येत नव्हतं. भाच्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कन्सोल घेताना आपण एक वस्तू घेतो. पीएस४ म्हणजे पीएस४. इंदूरला घ्या नाहीतर उज्जैनला, आत तेच. असेंबल केलेला पीसी म्हणजे सात-आठ वेगवेगळ्या वस्तू एका डब्यात. प्रत्येकीचं वय वेगळं, कंपनी वेगळी, भाव वेगळा. त्यामुळे "पीसी केवढ्याला?" हा प्रश्नच विचारू नका. कार्ड कुठलं, प्रोसेसर कुठला, एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) कुठला, हे तीन विचारा आणि प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. "एनव्हिडियाचं आहे", "रायझेन आहे" हे उत्तर नव्हे.

गेमिंगमध्ये सर्वांत जास्त काम ग्राफिक कार्ड करतं, म्हणून निम्म्याच्या आसपास पैसे तिथे गेले तरी चालतात. पीएस४ वरून येणाऱ्याला जुन्या बाजारात जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड पुरेसं आहे. २०१९ चं, सहा जीबीचं, पीएस४ च्या दुपटीहून जास्त ताकदीचं. थोडे पैसे जास्त असतील तर आरएक्स ६६००, आठ जीबीचं, आणि वीजही साधारण तेवढीच खातं. त्याच्या वर आरटीएक्स ३०६०, त्यात बारा जीबीवालं बघा. पीएस५ च्या तोडीचं हवं असेल तर साधारण आरटीएक्स २०७० किंवा आरएक्स ६७०० च्या आसपास जावं लागतं. जीटी ७१०, जीटी ७३०, जीटी १०३० ही नावं दिसली तर ती जाहिरात सोडून पुढे चला, मग वर कितीही जीबी लिहिलेले असोत. कार्डाचे जीबी म्हणजे त्याच्याजवळची जागा. काम किती वेगाने होतं ते चिप ठरवते.

आरएक्स ५८० बऱ्याच जाहिरातींत दिसतं आणि स्वस्त असतं. चांगलं कार्ड आहे, पण त्याचीच एक '२०४८ एसपी' नावाची कमी ताकदीची आवृत्ती फिरते. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर्स (चिपमधले चित्राचं गणित करणारे छोटे भाग) असतात, त्यात २०४८. विकणाऱ्यालाही हे बहुधा माहीत नसतं. जीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये 'शेडर्स' या रकान्यात आकडा बघा, लगेच कळतं. एखाद्या फालतू कार्डावर दुसऱ्याचं नाव चढवलं असेल तर हाच प्रोग्राम बऱ्याचदा नावाआधी 'फेक' असा शब्द दाखवतो.

प्रोसेसरचं गणित सोपं आहे. आय३, आय५, आय७ याच्या पुढचा आकडा वाचा. आय७-३७७० म्हणजे तिसरी पिढी, आय५-१०४०० म्हणजे दहावी. गेमसाठी दहाव्या पिढीचं आय५ तिसऱ्या पिढीच्या आय७ ला केव्हाही मागे टाकतं. खालची मर्यादाही ठरलेली आहे: विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, एएमडीत साधारण रायझेन ५ २६०० पासून पुढे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ऑनलाइन खेळायचे काही गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मदरबोर्डवरच्या सुरक्षेच्या सोयी सुरू असल्याशिवाय उघडतच नाहीत. तेव्हा चौथ्या-सहाव्या पिढीचं मशीन कितीही चकचकीत असलं तरी मी आता कुणाला घेऊ देत नाही. नंबराच्या शेवटी 'एफ' असेल, जसं १०४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं. चालेल, पण उद्या कार्ड बिघडलं तर नवं येईपर्यंत स्क्रीन काळीच राहणार.

आता कुठे शोधायचं. दुकानं बघायची तर आरएनटी मार्गावरचा सिल्वर मॉल आहेच. तिथे जुना माल मिळतो, दुकानदार आठ-पंधरा दिवसांची चेकिंग वॉरंटीही देतात, पण ती पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. माझं मत विचाराल तर थेट वापरणाऱ्याकडून घ्यावं. भंवरकुआं भागात कोचिंगची, कॉलेजची मुलं खोल्या घेऊन राहतात. मे-जूनमध्ये परीक्षा संपल्या, नोकरी लागली की ती बंगळूर-पुण्याला निघतात आणि एवढा मोठा डबा बरोबर नेता येत नाही. त्या दिवसांत चांगली मशीनं निघतात, आणि मुलांकडे बहुतेक मूळ बिल, खोकी, सगळं असतं, कारण घरच्यांना हिशेब दाखवायचा होता. मी माझं दुसरं मशीन २०२४ च्या जूनमध्ये असंच घेतलं. मुलगा बऱ्हाणपूरचा होता, मराठी बोलणारा. "ताई, पाहिजे तेवढा वेळ चेक करा," म्हणाला. ज्याला घाई नाही, जो स्वतःहून कॅबिनेटची काच काढून देतो, त्याच्याकडून घेताना मनाला बरं वाटतं.

उलट बाजूचंही सांगते. "मी फौजी आहे, महूला पोस्टिंग आहे, बदली झाली, मशीन कुरिअरने पाठवतो, पाच हजार टाका," असा मेसेज आला की बोलणं तिथेच थांबवा. वर्दीतला फोटो आणि कँटीनचं कार्ड पाठवून विश्वास बसवतात. महू इथून तासाभरावर आहे, खरा माणूस असेल तर "मी रविवारी येऊन बघते" म्हटल्यावर अडायचं कारण नाही. आपलं जुनं कन्सोल विकतानाही लक्षात ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हटलं तर ते पैसे जाणार आहेत. चुकून गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा.

जायच्या आधी व्हॉट्सॲपवर तीन फोटो मागवा: टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानाचा, त्यात कार्डाचं आणि प्रोसेसरचं नाव दिसतं. उघड्या कॅबिनेटचा. आणि एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलचा. निम्मे विकणारे तिसरा फोटो पाठवतच नाहीत, आणि त्यातच आपलं उत्तर असतं.

तिथे गेल्यावर घाई करू नका. मला दीड तास लागतो. सोबत एक पेनड्राइव्ह नेते, त्यात जीपीयू-झेड, एचडब्ल्यू-इन्फो, क्रिस्टल डिस्क इन्फो आणि फरमार्क. चारही फुकट आहेत आणि इन्स्टॉल न करता चालवता येतात. टॉर्च आणि एक एचडीएमआय केबलही पिशवीत असू द्या.

थंड मशीन सुरू झालं की आधी नावं जुळवा: जाहिरातीत जे होतं तेच आत आहे ना. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅमच्या किती जागा भरल्यात ते दिसतं. सोळा जीबी दोन पट्ट्यांत असेल तर उत्तम, एकाच पट्टीत असेल तर काही गेम त्यामुळे मंदावतात. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये एसएसडीचं (आतल्या वेगवान डिस्कचं) आरोग्य टक्क्यांत दिसतं आणि ती एकूण किती तास चालली तेही. 'दोनच महिने वापरला' म्हणणाऱ्या मशीनची डिस्क अकरा हजार तास चाललेली मी स्वतः पाहिली आहे. दोन महिन्यांत तास होतात साधारण चौदाशे चाळीस, तेही रात्रंदिवस चालवलं तर. हार्ड डिस्कवर पिवळा रंग दिसला तर तिची किंमत शून्य धरा.

मग फरमार्क लावा आणि पंधरा मिनिटं बसून राहा. हा प्रोग्राम कार्डाला पूर्ण राबवतो. तापमान चढत जातं आणि एका जागी थांबतं. ते थांबणं महत्त्वाचं. सत्तर-पंचाहत्तरवर थांबलं तर छान, पंच्याऐंशीच्या पुढे चढतच राहिलं तर चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा पंखा थकला आहे. मात्र खोलीचाही विचार करा. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता, कूलरशिवायच्या तिसऱ्या मजल्यावर, चांगलं कार्डही पाच-सात अंश जास्त दाखवणार. एचडब्ल्यू-इन्फोत 'हॉट स्पॉट' नावाचा आणखी एक आकडा असतो. तो मुख्य तापमानाहून दहा-पंधराने जास्त असतो, पंचवीसच्या पुढे फरक गेला तर पेस्ट बदलायचा खर्च भावातून वजा करा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा चमकल्या तर आभार मानून उठा. ते दुरुस्त होत नसतं असं नाही, पण त्यात आपण पडू नये.

फरमार्कनंतर त्याच्याच मशीनवरचा कुठलाही जड गेम अर्धा तास खेळा. आपलं स्टीमचं (पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं) खातं अनोळखी मशीनवर उघडू नका, त्याचंच चालू द्या. इथे कान उघडे ठेवा. पंख्याची खरखर, टकटक ऐकू येते. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज बऱ्याच कार्डांत असतो, त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या मागचे सगळे पोर्ट केबल लावून बघा.

मायनिंगच्या, म्हणजे क्रिप्टोचलन मिळवायला रात्रंदिवस राबवलेल्या कार्डाची लोकांना फार भीती असते. इथेरियम या चलनाचं कार्डांवरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि त्यानंतर अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. माझा अनुभव असा की, त्यातली चिप सहसा ठीक असते. पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) झिजलेले असतात. पंखा बोटाने हलवून बघा, लटलट करत असेल तर बदलावा लागेल. पॅडमधून तेल पाझरून बोर्डावर चिकट डाग पडलेले दिसतात. भाव त्याप्रमाणे कमी होत असेल आणि फरमार्क पास झालं असेल तर घ्यायला हरकत नाही. लपवलं असेल तर मात्र घेऊ नका, कारण मग आणखी काय लपवलंय ते कळणार नाही.

आता एसएमपीएस. सगळ्यांत कमी लोक बघतात, आणि माझ्या मते सगळ्यांत आधी बघावा असा हाच भाग. कन्सोलमध्ये पॉवर सप्लाय कंपनीने मशीनला मोजून बसवलेला असतो, आपल्याला कधी त्याचा विचार करावा लागत नाही. असेंबल करताना मात्र पैसे वाचवायचे झाले की लोक इथेच वाचवतात. पाच-सातशे रुपयांच्या लोकल डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण तेवढा भार त्याला झेपत नाही. तो जळताना एकटा जळेल याची खात्री नसते, सोबत बोर्ड आणि कार्डही जाऊ शकतं. हातात घेतला तर हलका लागतो. लेबलवर '८० प्लस' चं, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याच्या कसोटीचं, चिन्ह नसतं. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा: त्याला बाराने गुणलं की खरे वॉट मिळतात. त्या बऱ्हाणपूरच्या मुलाच्या मशीनमध्ये बाकी सगळं उत्तम होतं, एसएमपीएस तेवढा लोकल होता. मी ते त्याला सरळ दाखवलं आणि नव्याची किंमत भावातून वजा करून मागितली. त्याच संध्याकाळी सिल्वर मॉलमधून ५५० वॉटचा, '८० प्लस' ब्राँझ रेटिंगचा नवा घेतला. १६६० सुपरला ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस चालतो, आरटीएक्स ३०६० ला ५५०. ही वस्तू मी जुनी घेतच नाही.

भाव करताना मी कागद काढते. सवयच आहे. प्रत्येक भागासमोर आजचा जुन्या बाजारातला भाव लिहायचा, दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि कागद विकणाऱ्यापुढे ठेवायचा. रंगीत दिव्यांचे, काचेच्या कॅबिनेटचे मी फारसे पैसे धरत नाही. माझं मशीन, आय५-१०४००एफ, १६६० सुपर, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई (जास्त वेगवान) एसएसडी, तो बत्तीस म्हणत होता, अठ्ठावीसला ठरलं. वर एसएमपीएसचे अडतीसशे. मूळ बिलं मागून घ्या. ग्राफिक कार्डाची वॉरंटी उरलेली असू शकते आणि बऱ्याच कंपन्या ती सिरियल नंबरावरून बघतात, तेव्हा कार्डावरचं ते स्टिकर फाटलेलं नसावं. साध्या कागदावर विक्रीचा मजकूर, सिरियल नंबर, तारीख, दोघांच्या सह्या आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत एवढं असलं की चोरीच्या मालाची धास्ती कमी होते. पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

घरी नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि कार्ड वर उभं राहील असं. उभं नेलं तर भंवरकुआंपासून घरापर्यंतच्या स्पीडब्रेकरांवर जड कार्ड स्लॉटला हिसके देत राहतं. दोन चाकीवरून नेऊच नका. मी ऑटो केली आणि मागच्या सीटवर गोधडी अंथरली.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल लागतं. जुन्या मालकाचे पासवर्ड, त्याचे क्रॅक केलेले गेम, त्यांच्याबरोबर आलेला कचरा, काहीच ठेवायचं नाही.

मग कन्सोलवाल्यांच्या नेहमीच्या अडचणी. एचडीएमआयची केबल ग्राफिक कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नव्हे. मागे दोन्ही असतात आणि पहिल्या दिवशी सगळे वरच्याला लावतात. मॉनिटर लगेच घ्यायची गरज नाही. पीएस४ ज्या टीव्हीला होता तोच चालतो, फक्त टीव्हीत गेम मोड सुरू करा. सोफ्यावरून अक्षरं बारीक दिसतात, त्यासाठी स्टीममध्ये बिग पिक्चर मोड आहे. कन्सोलमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ आतच होतं, साध्या मदरबोर्डात बहुधा नसतं. राउटरपासून लांब ठेवणार असाल तर यूएसबीचा डोंगल आधीच आणा, नाहीतर पहिली संध्याकाळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी सुरू करायला विसरू नका, नाहीतर रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालत नाही. आणि लाइट गेल्यावर चालेल म्हणून घरचा जुना ६०० व्हीएचा यूपीएस लावाल, तर तो साधारण ३६० वॉटचा असतो. गेम सुरू असताना टीव्हीसकट भार त्यावर जड जातो. मी त्याच्यावर फक्त पीसी ठेवला आहे.

कन्सोलवर विकत घेतलेले गेम इकडे येत नाहीत, डिस्कही चालत नाहीत, हे घरातल्या मुलांना आधीच नीट सांगा. भाच्याला मी आधी सांगितलं नव्हतं आणि त्याला वाईट वाटलं. पण ऑनलाइन खेळायला इथे वर्षाची वर्गणी लागत नाही. स्टीमवर भाव रुपयांत असतात, सेल लागतात, आणि घेतलेला गेम चालला नाही तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. जुन्या मशीनवर ही सोय फार कामाची आहे: गेम घ्या, तासभर चालवून बघा, जड गेला तर परत करा.

पीएस४ लगेच विकू नका. नवं मशीन पंधरा दिवस रोज चालवा, मगच विका. विकताना आधी सेटिंग्जमध्ये जाऊन 'प्रायमरी' म्हणून असलेली नोंद काढा, मग पूर्ण इनिशियलाइज करा, म्हणजे आतलं सगळं पुसून टाका, आणि आत एखादी डिस्क राहिली नाही ना ते बघा. कंट्रोलर मात्र एक ठेवून घ्या. मायक्रो यूएसबीच्या केबलने तो पीसीला सरळ जोडला जातो आणि स्टीम त्याला ओळखतं. गाड्यांच्या शर्यती मी अजूनही त्याच्यावरच खेळते.